धान्याविना शिजणारे घर : सातपूर परिसरातील उपवासाचे पदार्थ, भगर आणि मुलांचे हात

प्रस्तावना :

एकादशी, चतुर्थी, महाशिवरात्र किंवा श्रावणी सोमवार या दिवशी मराठी घरातील लहान मूल एक प्रश्न हमखास विचारते : "हे उपवासाला चालते का ?" उत्तर बहुधा आजीकडे असते आणि ते तत्काळ मिळते. बटाटा चालतो, कांदा चालत नाही. शेंगदाणा चालतो, हरभरा चालत नाही. भगर चालते, तांदूळ चालत नाही. या उत्तरांना कारणे जोडलेली नसतात आणि मूलही ती फारशी मागत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र ती मागावयास हवीत. कारण 'चालते' आणि 'चालत नाही' यांमधील ही रेषा गेल्या चार शतकांत अनेकदा सरकलेली आहे आणि तिच्या सरकण्यामागे समुद्रापलीकडचा व्यापार, महायुद्ध, धान्यटंचाई व औद्योगिकीकरण यांचा मोठा इतिहास दडलेला आहे.

पाश्चात्त्य देशांत धान्य वर्ज्य करून केलेला स्वयंपाक आणि भाजणीचे पदार्थ ही अलीकडची आरोग्यविषयक चळवळ मानली जाते. महाराष्ट्रात धान्याविना न्याहारी, जेवण, गोड पदार्थ आणि साठवणीचे वाळवण एवढा सगळा संसार मांडणारी पाकपरंपरा घरोघरी नांदत आलेली आहे. तिला 'उपवासाचे पदार्थ' या साध्या नावाने ओळखले जात असल्यामुळे तिच्याकडे इतिहासाचा विषय म्हणून पाहिले गेले नाही. धान्य कशाला म्हणावे हे येथे धर्मग्रंथापेक्षा आणि वनस्पतिशास्त्रापेक्षा स्वयंपाकघरानेच अधिक ठरविले, आणि हा निर्णय पुढील पिढीकडे लेखी नियमांतून न जाता मुलांच्या हातांतून गेला, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

यासाठी नाशिकचे सातपूर हे ठिकाण निवडण्याचे कारण भौगोलिक आहे. सातपूर त्र्यंबक रस्त्यावर वसलेले आहे. त्याच्या पश्चिमेस त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा व इगतपुरी या तालुक्यांचा डोंगराळ पट्टा असून तेथे वरई पिकते. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी भरणाऱ्या संत निवृत्तिनाथांच्या यात्रेच्या दिंड्या याच रस्त्याने जातात. आणि 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यानंतर येथे उभ्या राहिलेल्या औद्योगिक वसाहतीत राज्याच्या निरनिराळ्या भागांतील कुटुंबे शेजारी-शेजारी राहू लागली. उपवासाचे पीक, उपवासाचा धर्म आणि उपवासाचे घर ही तिन्ही इतक्या जवळ क्वचितच भेटतात.

शब्द आणि शास्त्र :

'फराळ' हा शब्द 'फलाहार' या संस्कृत शब्दावरून आला. मुळात फळे खाऊन राहणे एवढाच त्याचा अर्थ. आज दिवाळीच्या फराळात चकली, चिवडा, शंकरपाळे यांची रेलचेल असते आणि त्यात फळ औषधालाही सापडत नाही. शब्दाचा हा प्रवासच पुरेसा बोलका आहे. उपवासाच्या पदार्थांची नावे तर अधिक गंमतीची आहेत. साबुदाण्यात 'दाणा' आहे, शेंगदाण्यात 'दाणा' आहे, आणि वरीला कोकणात उघडपणे 'वरीचे तांदूळ' म्हणतात. नावात धान्य ठेवून व्यवहारात अधान्य मानण्याची ही सोय भाषेने कोणतीही कुरकूर न करता स्वीकारली.

धर्मशास्त्राची भूमिका याहून कठोर आणि काही बाबतीत अधिक उदारही होती. भारतरत्न पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पाचवा खंड व्रतांना वाहिलेला असून त्यात एकादशीचे सविस्तर विवेचन आहे. निराहार उपवास हा मूळ आदर्श होता. ज्यांना तो झेपत नाही त्यांच्यासाठी पाणी, कंदमुळे, फळे, दूध, तूप यांनी व्रतभंग होत नाही अशी सवलत होती. औषध आणि गुरूची आज्ञा यांचाही त्यात समावेश होता. या सवलतीत साबुदाण्याची खिचडी कोठेही नाही हे सांगावयास नकोच. मुलांविषयीचा संकेतही लक्षणीय आहे. एकादशीचा उपवास आठ वर्षांवरील आणि ऐंशी वर्षांखालील व्यक्तींसाठी सांगितला गेला. म्हणजे लहान मूल व्रतातून मुक्त होते. प्रत्यक्षात मात्र मूल उपवासाच्या ताटाकडे आपण होऊन धावते. 'एकादशी दुप्पट खाशी' ही म्हण मोठ्यांना टोमणा म्हणून वापरली जात असली, तरी तिचा सर्वांत प्रामाणिक अनुयायी घरातील सात वर्षांचा मुलगा असतो.

मग भगर, जी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने निखळ तृणधान्य आहे, ती या यादीत कशी आली ? येथे एक जुनी कल्पना उपयोगी पडते. नांगरट न करता आपोआप उगवणारे नीवार आणि तत्सम तृणबीज हे मुनींचे अन्न मानले जात असे. कालिदासाच्या 'शाकुंतला'त आश्रमाची खूण म्हणून झाडांखाली सांडलेले नीवाराचे दाणे दाखविले आहेत. शेतीच्या श्रमातून आलेले ते धान्य आणि रानातून आलेले ते मुनिअन्न, अशी ही विभागणी होती. महाराष्ट्रात ऋषिपंचमीला ती आजही जिवंत आहे. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचे काही खावयाचे नसते आणि परसात, कुंपणावर उगवलेल्या भाज्यांची 'ऋषीची भाजी' केली जाते. डोंगरउतारावर, जेथे नांगर नीट चालत नाही तेथे पिकणारी वरई या वर्गात बसविली गेली असावी, असे अनुमान करणे अप्रस्तुत ठरणार नाही.

मक्याचे उदाहरण या अनुमानास बळकटी देते. मका अमेरिकेतून आला. प्राचीन ग्रंथांना तो अज्ञात होता, म्हणून त्यास स्पष्ट निषेध असण्याचे कारण नव्हते. तरीही मराठी घराने त्यास उपवासात घेतले नाही. कारण तो नांगरलेल्या शेतात कणीस धरून उभा राहतो. ग्रंथांचे मौन म्हणजे परवानगी, एवढे सरळ हे सूत्र नव्हते.

ताटातील अमेरिका :

तथापि ज्यांना परवानगी मिळाली त्यांची यादी पाहिली असता आश्चर्य वाटल्याशिवाय राहत नाही. बटाटा, रताळे, शेंगदाणा, हिरवी मिरची, लाल भोपळा, पेरू, पपई, तसेच ज्यापासून आजचा साबुदाणा बनतो तो कसावाचा कंद, हे सर्व मूळचे अमेरिका खंडातील. दाण्यासाठी लावल्या जाणाऱ्या राजगिऱ्याच्या जातींचे मूळही अभ्यासक तेथेच दाखवितात. कोलंबसाच्या 1492 च्या सफरीपूर्वी यांपैकी काहीही आपल्याकडे असण्याचा संभव नव्हता. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती पश्चिम किनाऱ्यावर उतरली. 'बटाटा' हा शब्द आजही पोर्तुगीज रूपात आपल्या तोंडी आहे. या वस्तू वगळल्या तर ताटात उरतात शिंगाडा, सुरण, कोनफळ, केळे, नारळ, खजूर, दूध आणि भगर. सनातन म्हणून ज्याकडे पाहिले जाते ते एकादशीचे ताट असे बहुतांशी आगंतुकांनी भरलेले आहे.

कंद या वर्गाचे दार जुन्या सवलतीने आधीच उघडे ठेवले होते. बटाटा व रताळे त्या दारातून सहज आत आले. शेंगदाणा जमिनीखाली लागतो, म्हणून तो कडधान्याच्या कुळातला असूनही कंदाच्या सोबतीने आत आला असावा. तूर, मूग, हरभरा ही त्याचीच भावंडे बाहेर राहिली. टोमॅटो आणि फ्लॉवर यांना मात्र अनेक घरांत अद्याप उंबरठ्यावरच थांबावे लागते. कोथिंबीर आणि जिरे यांच्याविषयी तर घरोघरी मतभेद आहेत.

साबुदाण्याची कथा यांत सर्वांत अर्वाचीन आहे. मूळ साबुदाणा मलाया व इंडोनेशियातील सागो नावाच्या ताडवर्गीय वृक्षाच्या खोडातील पिठापासून बनत असे आणि मलय भाषेतील 'सागू' या शब्दाशीच त्याच्या नावाचे नाते आहे. तो आयात होई, आजारी माणसाची पेज म्हणूनही त्याचा लौकिक होता. 1942 मध्ये जपानने मलाया व डच ईस्ट इंडीज व्यापल्यावर ही आयात थांबली. दरम्यान कसावाचा कंद दक्षिण भारतात रुजला होता. त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांनी 1880 ते 1885 या आपल्या कारकिर्दीत त्याच्या लागवडीस उत्तेजन दिले होते. याच कंदापासून तमिळनाडूतील सेलम भागात 1943 च्या सुमारास साबुदाणा तयार होऊ लागला आणि तेथे पाहता पाहता एक मोठा उद्योग उभा राहिला. 1981 मध्ये उत्पादकांची 'सॅगोसर्व्ह' ही सहकारी संस्था सेलम येथेच स्थापन झाली.

कंद सोलून, किसून, पाण्यात खळबळून त्याचा पांढरा चीक खाली बसवायचा. तो ओलसर असताना हलवून हलवून त्याच्या गोळ्या करायच्या, तापलेल्या पत्र्यावर परतायच्या आणि उन्हात वाळवायच्या, अशी ही प्रक्रिया. कच्च्या कसावात विषारी सायनाइड निर्माण करणारी द्रव्ये असतात. धुण्या-भाजण्याच्या क्रियांत ती निघून जातात. सागो वृक्षाच्या जागी कसावाचा कंद आला, खोड जाऊन मूळ आले, देश बदलला. एवढे होऊनही एकाही घराने 'आता हे चालेल का' असे विचारल्याचे दिसत नाही. दाणा पांढरा, गोल आणि भिजल्यावर फुलणारा राहिला, एवढे पुरेसे ठरले. युद्धाने एखाद्या व्रताचे द्रव्य बदलावे आणि व्रतस्थांना त्याची वार्ताही नसावी, अशी उदाहरणे इतिहासात विरळाच.

भगर : एकाचे अन्न, दुसऱ्याचा उपवास :

सातपूरच्या दृष्टीने अधिक जवळचा विषय भगरीचा आहे. कोकणात जिला वरी म्हणतात, गुजरातेत मोरैयो, हिंदी प्रदेशात समा, तिला नाशिक, खानदेश, मराठवाडा व विदर्भ या भागांत भगर म्हणतात. यांत एकाहून अधिक तृणबीजे मिसळलेली आहेत. सह्याद्रीतील वरई हे त्यांपैकी एक. 1883 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरच्या नाशिक जिल्ह्यावरील सोळाव्या खंडात जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागाचे वर्णन येते. नागली, वरई आणि खुरासणी ही तेथील हलक्या जमिनीची पिके. एक वर्ष नागली, पुढील वर्षी वरई, नंतर खुरासणी आणि मग जमीन काही वर्षे पडीक, असा हा फेरा असे.

महादेव कोळी, कोकणा, वारली या समाजांतील शेतकऱ्याला वरई म्हणजे पोटभरीचे अन्न. तिचा भात शिजतो, तिची पेज होते, भाकरही थापली जाते. वरईचा दाणा बारीक, त्यावरील टरफल चिवट. उखळात मुसळाने पुन्हा पुन्हा कांडल्याशिवाय पांढरा दाणा हाती लागत नाही. हे कष्ट बायकांच्या वाट्याचे होते. पुढे नाशिक परिसरात भगरीच्या गिरण्या उभ्या राहिल्या, कांडप यंत्रावर गेले आणि नाशिकची भगर राज्याच्या बाजारपेठेत पोहोचली. या घटनेचा अर्थ दुहेरी आहे. डोंगरातील कुटुंबाला रोकड मिळाली. त्याच वेळी त्याच्या घरातील रोजचे धान्य दुसऱ्याच्या उपवासाचे द्रव्य बनून घराबाहेर पडले. पेठ-सुरगाण्यातील ज्या मुलासाठी वरईचा भात हे साधे जेवण होते, त्याच्या आणि सातपूरमधील ज्या मुलासाठी तीच भगर महिन्यातून दोनदा मिळणारा 'न-जेवणा'चा आनंद होता, त्याच्या ताटात एकच दाणा होता. पहिल्या मुलाच्या दृष्टीने हा दाणा धान्य नाही असे म्हणणे म्हणजे त्याच्या जेवणालाच जेवण न म्हणणे होय. उपवासाच्या पदार्थांचा इतिहास लिहिताना ही बाजू सहसा सुटते. ती सुटणे योग्य नव्हे.

वसाहतीतील स्वयंपाकघर आणि मुले :

सातपूर हे 1960 पर्यंत नाशिक शहराबाहेरचे, नासर्डी नदीच्या काठचे गाव होते. औद्योगिक वसाहत आल्यावर मायको, पुढे महिंद्र व सिएट यांसारखे मोठे कारखाने आणि त्यांच्या भोवती असंख्य लघुउद्योग उभे राहिले. गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतींतून आणि गावठाणालगतच्या खोल्यांतून कामगार कुटुंबे राहू लागली. 1982 मध्ये नाशिक महानगरपालिका स्थापन झाली आणि सातपूर तिच्या हद्दीत समाविष्ट झाले. खानदेश, मराठवाडा, नगर, कोकण येथून आलेल्या घरांनी आपापल्या उपवासाच्या याद्याही बरोबर आणल्या. एका भिंतीपलीकडे कोथिंबीर चालते आणि अलीकडे चालत नाही, एकीकडे भगर म्हणतात आणि दुसरीकडे वरी, एकीकडे आमटी दाण्याची तर दुसरीकडे ताकाची कढी. गावी जो नियम ईश्वरदत्त वाटत होता तो येथे 'आमच्याकडची पद्धत' ठरला. नागरी सहजीवनाचा हा परिणाम कोणत्याही सुधारणावादी व्याख्यानाहून अधिक शांतपणे घडला.

या स्वयंपाकघरात मुलांचे स्थान काय होते, हे पाहणे आवश्यक आहे. भातुकलीतला स्वयंपाक खोटा असतो. खऱ्या चुलीजवळ मुलाला फारसे येऊ दिले जात नसे. विस्तव, विळी आणि उकळते आधण यांचे भय होते आणि अनेक घरांत सोवळ्याचाही अडसर होता. शिजलेल्या धान्याने खरकटे होते, म्हणून भात-पोळीचा स्वयंपाक नियमांनी बांधलेला असे. पाण्याऐवजी दुधात कणीक भिजवून केलेल्या दशम्या प्रवासात चालत, यामागेही हाच विचार होता. उपवासाच्या पदार्थांची पूर्वतयारी या बंधनाच्या बरीचशी बाहेर राहिली. शेंगा फोडणे, भाजलेल्या दाण्यांची साले चोळून पाखडणे, उकडलेले बटाटे सोलणे, साबुदाणा निवडणे, शिंगाड्याचे पीठ चाळणे या कामांना विस्तव लागत नाही आणि खरकटेही होत नाही. ओसरीवर किंवा दारात बसून ती करता येतात. मुलांचा स्वयंपाकातील खरा प्रवेश भातापेक्षा दाण्याच्या कुटातून झाला असे म्हणावे लागते.

यातील शिक्षण साधे नव्हते. साबुदाणा भिजविण्याचेच पाहावे. दाणा धुऊन त्यावर तो जेमतेम बुडेल इतकेच पाणी ठेवावे लागते. अधिक झाले तर खिचडीचा गोळा होतो, कमी झाले तर दाणा मध्ये कडक राहतो. बोटांत दाबून तो सहज चिरडला की झाला, ही परीक्षा घड्याळावर नसून बोटावर आहे. खिचडी मोकळी राहते ती दाण्याच्या कुटामुळे. कूट साबुदाण्याच्या ओलसर अंगाला चिकटते आणि दोन दाणे एकमेकांना धरत नाहीत. राजगिरा फोडताना कढई पुरेशी तापलेली हवी, एका वेळी मूठभरच दाणे टाकायचे आणि कापडाच्या पुरचुंडीने ते फिरवायचे. एका क्षणात काळा-पिवळा दाणा पांढरा होऊन उडतो. हा क्षण पाहण्यासाठी मुले कढईभोवती कोंडाळे करतात आणि आईचे अर्धे लक्ष त्यांना दूर ठेवण्यात जाते. गुळाच्या पाकात तो मिसळून लाडू मात्र भराभर वळावे लागतात, पाक थांबत नाही; येथे लहान हातांची मदत खरोखरच उपयोगी पडते.

गव्हाच्या पिठाला जो चिवटपणा ग्लुटेन या प्रथिनामुळे येतो, तो या पिठांत नाही. राजगिरा, शिंगाडा किंवा भगरीचे पीठ पोळीसारखे लाटले असता चिरते. त्यावर मराठी गृहिणींनी काढलेला उपाय म्हणजे उकडलेला बटाटा किंवा भिजलेला साबुदाणा. शिजून चिकट झालेले पिष्ट येथे ग्लुटेनचे काम करते. उपवासाची भाजणी बटाट्यात मळून ओल्या फडक्यावर थापायची, मध्ये भोक पाडून त्यात तेल किंवा तूप सोडायचे आणि तव्यावर झाकण ठेवून भाजायचे, ही थालीपिठाची कृती म्हणजे धान्याविना भाजण्याचे आपले शास्त्र होय. घरात भट्टी नव्हतीच. सत्तर-ऐंशीच्या दशकांत शहरी मध्यमवर्गीय कुटुंबे तूप-साखर-पीठ घेऊन मुलांसह जवळच्या बेकरीत जात आणि नानकटाई भाजून आणीत. पुढे ॲल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन घरोघरी आला. परंतु उपवासाच्या पदार्थांनी तवा सोडला नाही. राजगिऱ्याच्या पिठाचा केक ही अलीकडची हौस आहे.

उन्हाळ्याच्या सुटीत हे सर्व गच्चीवर जाई. बटाट्याचा कीस, साबुदाण्याच्या पापड्या व चकल्या असे उपवासाचे वाळवण एप्रिल-मे महिन्यांत होई. शाळा बंद असल्याने राखण मुलांकडे असे. कावळे हाकलणे, सायंकाळी पापड्या उलटणे आणि मधल्या वेळात अर्धवट वाळलेली पापडी खाणे हा या कामाचा अलिखित मोबदला. कमलाबाई ओगले यांच्या 1970 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'रुचिरा' या ग्रंथाने वाटी-चमच्याच्या मापात पाककृती घरोघरी पोहोचविल्या व उपवासाच्या पदार्थांनाही त्यात स्थान दिले. तरीही पापडीचा चीक किती घट्ट हवा हे पुस्तकापेक्षा गच्चीवरच कळत असे.

मुलांच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्यांनी अशा कामांचे महत्त्व ओळखले होते. मॉन्टेसरी पद्धतीत सोलणे, निवडणे, ओतणे या जीवनव्यवहारातील कृतींना पाठाचा दर्जा आहे. ही पद्धत मराठी मुलखात रुजविणाऱ्या ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्या साहाय्याने 1945 पासून बोर्डी येथे व 1957 पासून कोसबाड येथे ग्रामीण आणि आदिवासी मुलांसाठी परिसरातील साध्या साधनांतून बालशिक्षण उभे केले. एक गोष्ट मात्र नमूद केली पाहिजे. घरातील हे शिक्षण सर्व मुलांना सारखे मिळाले नाही. शेंगा फोडावयास मुलगा-मुलगी दोघेही बसत. बटाटे किसण्यापर्यंत आणि पुढे कढईपर्यंत बहुधा मुलगीच पोहोचे. मुलगा खेळावयास जाई व खिचडी झाल्यावर परत येई.

राज्यसंस्थेचा उपवास :

धान्याविना स्वयंपाकाचा प्रयोग धर्माखेरीज शासनानेही केला होता. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत देशात धान्याची तीव्र टंचाई होती. आयात थांबविण्यासाठी लोकांनी तांदूळ-गव्हाऐवजी रताळी, कसावा, केळी अशा पूरक अन्नाकडे वळावे, असे आवाहन शासन करीत होते. कन्हैयालाल मुनशी अन्नमंत्री असताना लीलावती मुनशी यांच्या पुढाकाराने महिलांच्या अन्नपरिषदेचे काम सुरू झाले आणि धान्य नसलेले जेवण देणारी 'अन्नपूर्णा' उपाहारगृहे काही शहरांत उघडण्यात आली. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत कसावा व शेंगदाणा यांच्या पिठापासून कृत्रिम तांदूळ तयार करण्याचे प्रयत्न झाले. 1965 मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी सोमवारी सायंकाळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले, तेव्हा त्यास महाराष्ट्रात मिळालेला प्रतिसाद समजण्यासारखा होता. सोमवार येथे आधीच शंकराचा होता.

कसावा आणि शेंगदाणा हे मिश्रण शास्त्रज्ञांना नवे वाटले असले, तरी तीच साबुदाण्याची खिचडी होय. प्रयोगशाळेतील तांदूळ लोकांच्या पसंतीस उतरला नाही, कारण तो तांदूळ असल्याचा दावा करीत होता. खिचडीने असा दावा कधीच केला नाही.

टंचाईचा दुसरा परिणाम मात्र टिकाऊ ठरला. 1956 च्या पीएल-480 करारानुसार अमेरिकी गहू येऊ लागला, पुढे हरितक्रांतीने देशी गहू वाढला आणि शिधावाटप दुकानातून तो कामगार वस्त्यांत पोहोचला. ज्वारी-बाजरी व नागलीच्या भाकरीवर वाढलेल्या कुटुंबांत, जेथे पोळी सणावारी होत असे, तेथे ती रोजच्या डब्यात आली. पहिल्या पाळीला निघणाऱ्याच्या आणि शाळेत जाणाऱ्या मुलाच्या डब्याला पोळी-भाजी सोयीची होती.

गहू न सोसणारे मूल :

या बदलाने एक जुना प्रश्न नव्या रूपात समोर आणला. काही मुलांना गव्हातील ग्लुटेन सोसत नाही. आतड्याच्या अस्तराला इजा होते, जुलाब होतात, वाढ खुंटते. या सिलिअ‍ॅक विकाराचे कारण बराच काळ अज्ञात होते. 1924 मध्ये अमेरिकेतील डॉक्टर सिडनी हास यांनी अशा मुलांना केळ्यांवर ठेवून गुण आल्याचे दाखविले होते. नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी गव्हाचा संबंध ओळखला आणि 1950 मध्ये आपला प्रबंध सादर केला. 1944-45 च्या हिवाळ्यात युद्धामुळे त्यांच्या देशात पाव मिळेनासा झाला, तेव्हाच्या निरीक्षणांनीही त्यांच्या विचाराला आधार दिला.

अशा मुलाच्या आईला मराठी स्वयंपाकघरात तुलनेने कमी परके वाटावे. वास्तविक तिला सर्व धान्ये सोडण्याची गरज नाही. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नागली यांत ग्लुटेन नसते. केवळ गहू, जव आणि त्यांचे नातेवाईक टाळावयाचे असतात. परंतु वाढदिवसाचा केक, डब्यातील पराठा आणि बिस्कीट यांना पर्याय शोधताना ती उपवासाच्या डब्यांकडेच वळते. राजगिऱ्याचे थालीपीठ, शिंगाड्याचा शिरा, भगरीचे घावन हे त्या मुलाला बाराही महिने चालतात. आजीच्या यादीतील 'चालते' हा शब्द येथे वैद्यकीय अर्थाने वापरला जाऊ लागतो.

येथे सावधगिरीची मात्र नितांत आवश्यकता आहे. व्रताच्या दृष्टीने शुद्ध असलेले पीठ वैद्यकाच्या दृष्टीने शुद्ध असेलच असे नाही. ज्या गिरणीत गहू दळला जातो त्याच जात्यात नंतर राजगिरा पडला, तर राहिलेली कणीक त्यात उतरते. देशातील अन्नसुरक्षा नियमांनुसार ग्लुटेनमुक्त म्हणून विकल्या जाणाऱ्या अन्नात ग्लुटेनचे प्रमाण किलोमागे 20 मिलिग्रॅमहून अधिक असता कामा नये. शेजारच्या गिरणीत हे मोजले जात नाही. अशा घरात दाणे निवडून, धुऊन, वाळवून घरीच मिक्सरवर पीठ करणे हाच मार्ग उरतो, आणि ही निवडण्या-चाळण्याची कामे पुन्हा मुलांच्या हाती येतात. स्वतःला काय चालते हे त्या मुलाने हाताने ओळखणे, ही त्याच्या आयुष्यभराची गरज असते.

भगरीच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. नवरात्र व महाशिवरात्रीच्या सुमारास भगर खाऊन विषबाधा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात वारंवार येतात आणि अन्न व औषध प्रशासन त्यासंबंधी सूचना प्रसिद्ध करते. दमट हवेत भगरीवर, विशेषतः साठवून ठेवलेल्या पिठावर, अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी वाढते व तीमधून विषद्रव्ये तयार होतात. सुटी भगर वा तयार पीठ न घेता पाकीटबंद, तारीख असलेली भगर आणावी, ती निवडून धुवावी आणि पीठ लागेल तेवढेच, ताजे दळावे, असा या सूचनांचा आशय असतो. डोंगरातील स्त्री वरई लागेल तेवढीच कांडीत असे. गरज म्हणून ती जे करीत होती, तेच आता पाकिटाबरोबर सूचना म्हणून परत आले आहे.

2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे केले. भारत सरकारने या पिकांना 'श्रीअन्न' असे नाव दिले आणि नागली, ज्वारी, बाजरी यांच्या पंक्तीत वरईही सन्मानाने बसली. शासनाने तिला अन्न म्हटले, त्या नावात 'अन्न' हा शब्द उघड आहे. त्र्यंबक रस्त्यावरील किराणा दुकानात भगरीच्या पाकिटावर एका बाजूस पौष्टिक भरडधान्य आणि दुसऱ्या बाजूस 'उपवासासाठी' असे छापलेले असू शकते. दुकानदाराला त्यात विसंगती वाटत नाही, आणि आईसोबत पिशवी धरून उभ्या असलेल्या मुलालाही नाही. त्याचा प्रश्न एवढाच असतो की, आज भगरीबरोबर दाण्याची आमटी होणार आहे की नाही.